आईनंतर धम्मगिरीला

आई गेली तेव्हा भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा, "खूप केलंस तिचं, आता जरा स्वतःकडे बघ." बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगत नव्हतं. पार्किन्सन्स झाल्यावर शेवटची काही वर्षं आई ठाण्याला माझ्याकडेच होती. तिच्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या, आणि एखादी गोळी थोडी जरी उशिरा झाली तरी तिचं अंग आखडायचं, पाऊल उचलायचं नाही. रात्री दर दोन-अडीच तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आवाज इतका बारीक झाला होता की शेजारच्या खोलीतही पोचत नसे, म्हणून देवघरातली छोटी घंटा तिच्या उशाशी ठेवली होती.

ती गेली, महिने उलटले, तरी मी रात्री दोनला टक्क जागी व्हायचे. जबडा आवळलेला, उजवा खांदा वर चढलेला आणि कान दाराकडे लागलेले. रजा काढून घरी झोपून पाहिलं, बहिणीबरोबर महाबळेश्वरला जाऊन आले. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. आमचे डॉक्टर शेवटी म्हणाले, "तुमची ड्युटी संपलीय हे तुमच्या शरीराला अजून कळलेलं नाही." हे वाक्य माझ्या मनात बसलं. विपश्यना या ध्यानपद्धतीचं नाव बँकेतल्या एका निवृत्त सहकाऱ्याकडून पूर्वीच ऐकलं होतं. ऑनलाइन अर्ज भरला आणि इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात श्रावणातल्या दहा दिवसांच्या शिबिरात जागा मिळाली.

तिथे लिहायला परवानगी नसते. वही-पेनसुद्धा जमा करावं लागतं. त्यामुळे हे सगळं घरी आल्यावर आठवून लिहिलं आहे. काही दिवस लख्ख आठवतात, काही एकमेकांत मिसळून गेले आहेत.

पोचण्याचा दिवस

ठाण्याहून सकाळची गाडी घेतली. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे 'बँकर', लागली. घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि तो एकट्या इंजिनाने निघत नाही. लहानपणी नाशिकला मावशीकडे जाताना आई हे इंजिन लागताना बघायला आम्हाला फलाटावर उतरवायची. बोगदे, धबधबे, धुकं आणि मग इगतपुरी. स्टेशनवर वडा-पाव खाल्ला. तिखट आणि तळलेलं पुढचे काही दिवस मिळणार नाही, हे माहीत होतं.

रिक्षा म्यानमार गेटशी सोडते. आत शिरलं की सोनेरी पॅगोडा दिसतो आणि मागे ढगात अर्धे बुडालेले डोंगर. नोंदणीला बायकांची रांग मोठी होती. कॉलेजातल्या मुली, नऊवारीतल्या आजी, एक-दोन परदेशी बायका. फॉर्ममध्ये आजार, चालू औषधं, मानसिक उपचार घेतले आहेत का, अलीकडे घरात काही मोठा प्रसंग घडलाय का, असं सगळं विचारतात. मी आईचं लिहिलं, झोपेच्या गोळ्यांचंही लिहिलं. टेबलापलीकडच्या बाईंनी ते दोनदा वाचलं, गोळ्या बंद होऊन किती दिवस झाले ते विचारलं आणि मग पुढे पाठवलं. हे इतकं बारकाईने विचारतात याचं मला बरं वाटलं.

मोबाइल जमा करायची खिडकी आली. आईच्या गोळ्यांचे अलार्म त्यात अजून तसेच होते. ती गेल्यावरही मी ते काढले नव्हते, वाजले की फक्त बंद करायचे. फोन पिशवीत घालून नंबराचा बिल्ला घेतला.

संध्याकाळी हलकं जेवण, मग नियम सांगितले. पाच शीलं पाळायची: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. रात्री पहिली बैठक झाली आणि आर्य मौन सुरू झालं. दहाव्या दिवसापर्यंत बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. अडचण आली तर धम्मसेविकेला सांगायची, साधनेचं काही विचारायचं तर सहायक आचार्यांना.

खोलीत आम्ही दोघी. दुसऱ्या बाई चाळिशीच्या, कपाळावर मोठं कुंकू. एकमेकींचं नावही माहीत नसताना दिवा मालवून झोपलो.

पहिला दिवस

पहाटे चारला घंटा. बाहेर व्हरांड्यातून सेविका छोटी घंटा वाजवत चालली होती, आणि मी अंथरुणात उठून बसत मोठ्याने म्हणाले, "आले, आले!"

पाय जमिनीवर टेकले, तेव्हा कुठे भान आलं. शेजारच्या बाईंनी मान वर केली आणि लगेच दुसरीकडे वळवली. माझं हृदय धडधडत होतं. या घंटेला माझ्याकडून काहीच नको होतं. उठायचं, तोंड धुवायचं, छत्री घेऊन हॉलमध्ये जाऊन बसायचं. कुणाला उचलायचं नाही, कुणाला बदलायचं नाही. हे डोक्याला कळलं तरी हातांना कळायला वेळ लागला. ते काहीतरी धरायला शोधत होते.

साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, आठ ते नऊ सामूहिक बैठक, पुन्हा अकरापर्यंत ध्यान, अकराला जेवण. एकपासून पाचपर्यंत पुन्हा बैठका, पाचला चहा, सहा ते सात सामूहिक बैठक, सातला प्रवचन, मग थोडं ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. दहा-साडेदहा तास नुसतं बसणं. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. मंत्र नाही, मूर्ती नाही, श्वास मोजायचा नाही, मुद्दाम लांबही करायचा नाही. सूचना ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोएंकाजींच्या ध्वनिमुद्रित आवाजात येतात. ते २०१३ साली गेले, पण शिबिर आजही त्यांच्याच आवाजावर चालतं.

दिवसभर श्वास चार-पाच वेळा सलग सापडला असेल. उरलेला वेळ मन आईच्या खोलीत.

पण पहिल्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर अकराचं जेवण. चपाती, तुरीचं वरण, दुधीची भाजी, भात, ताक. वरणातून वाफ येत होती. मी घाईघाईने जेवायला लागले, कारण तीच सवय होती. आईला भरवून झाल्यावर उरलेल्या दहा मिनिटांत, गार झालेलं, ओट्याशी उभ्या उभ्या. चार घास गेल्यावर लक्षात आलं की आपल्याला कुणी हाक मारणार नाहीये. मी चपाती ताटात ठेवली आणि थांबले. मग एकेक घास चावून खाल्ला. दुधी मला कधीच आवडत नाही, त्या दिवशी दोनदा घेतला. स्वतःचं ताट घासून ठेवताना डोळे भरून आले. दुसऱ्या कुणीतरी माझ्यासाठी वेळेवर रांधलं होतं, आणि माझ्याकडून त्याची काहीच अपेक्षा नव्हती.

दुसरा आणि तिसरा दिवस

या दोन दिवसांत लक्ष ठेवण्याची जागा हळूहळू आवळत नेतात. आधी नाक आणि वरचा ओठ यांचा त्रिकोण, मग फक्त नाकपुड्यांच्या खालची, ओठावरची छोटीशी जागा. तिथे गरम, गार, खाज, स्पर्श, जे काही जाणवेल ते बघायचं. इतक्या छोट्या जागेवर मन टेकवायचं म्हणजे ते आणखीच उसळतं.

माझ्या मनाने तर एक खटलाच उभा केला. शेवटच्या दिवसांत आईला गिळता येत नव्हतं. नाकातून नळी घालायची की नाही, यावर आम्ही भावंडांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलं होतं की तिला तो त्रास द्यायचा नाही. तिनेही शुद्धीवर असताना तेच सांगितलं होतं. तरी त्या बैठकांमध्ये तो निर्णय शंभर वेळा उलटसुलट होऊन समोर आला. घरी असते तर अशा वेळी बहिणीला फोन लावला असता, टीव्ही लावला असता, कपाट आवरायला घेतलं असतं. इथे हातात काहीच नव्हतं. विचार आला की परत श्वासाकडे, पुन्हा आला की पुन्हा परत. गोएंकाजी न कंटाळता तेच सांगत राहतात, धीराने आणि प्रेमाने.

प्रवचनं हाच दिवसातला एक विसावा. एकात त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली. जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. मोठे व्यापारी, आणि अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. त्यासाठी विपश्यना शिकवणारे तिथले आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर शिकवणार नाही, मन शुद्ध करायला या. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल होते. मी आयुष्य बँकेत काढलेली बाई, मला या माणसाविषयी एकदम आपलेपणा वाटला. ताळेबंद बघता बघता कार्यालयात ध्यानाचे वर्ग चालवणारा माणूस! १९५५ मध्ये गोएंकाजी त्यांच्या पहिल्या शिबिराला बसले. १९६९ मध्ये भारतात आले ते आजारी आईसाठी. मुंबईतलं पहिलं शिबिर झालं त्यात त्यांचे आईवडीलही होते. इगतपुरीत १९७६ पासून शिबिरं चालू आहेत.

आजारी आईसाठी, हे ऐकल्यावर त्या रात्री मी बराच वेळ जागी राहिले. झोप लागली ती एकदम चारच्या घंटेपर्यंत. दोन वाजता जाग आली नाही, हे मला नाश्त्याच्या रांगेत उभी असताना आठवलं.

चौथा दिवस

दुपारी विपश्यना शिकवतात. हॉलमधून मध्येच उठायचं नाही असं आधीच सांगतात. डोक्याच्या टाळूपासून सुरुवात करायची आणि शरीराचा एकेक भाग बघत पायाच्या बोटांपर्यंत यायचं. प्रत्येक भागावर क्षणभर थांबायचं. काही जाणवलं तर ठीक, नाही जाणवलं तरी ठीक. सुखाचं असेल तर हवं-हवं करायचं नाही, दुखत असेल तर नको-नको करायचं नाही. ते बदलतं, एवढं बघायचं. त्याला पालीत 'अनिच्च' म्हणतात.

टाळू, कपाळ, डोळे, कान. कानापाशी आले आणि मला धस्स झालं. ही यादी माझ्या ओळखीची होती.

आईला रात्री शेवटचं कुशीवर वळवताना मी टॉर्च घेऊन तिचं अंग तपासायचे. कानाची पाळी, खांद्याचं हाड, कोपर, माकडहाड, कंबरेचा खुबा, घोटा, टाच. जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस कमी, तिथे आधी लाली येते, बोटाने दाबलं तरी ती फिकट होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे जखम उघडते. म्हणून रोज, न चुकता, डोक्यापासून टाचेपर्यंत. नर्सबाईंनी शिकवलं होतं. तिच्या अंगाचा इंच न इंच मला माहीत होता. डाव्या टाचेची कातडी कुठे पातळ झाली आहे, माकडहाडाशी किती वेळाने लाल होतं, हे मी अंधारात सांगू शकले असते.

आणि आता मला त्याच वाटेने स्वतःच्या अंगावरून जायला सांगत होते. आणि काहीच सापडत नव्हतं. गाल सापडले, हात सापडले. पाठ नाही, पोट नाही, मांड्या नाहीत. मोठमोठे भाग नुसते मुके. उजवा खांदा तेवढा होता, दगडाचा.

मी त्या हॉलमध्ये आवाज न करता रडले. दुःखाने म्हणावं तर तसं नाही. इतकी वर्षं दुसऱ्या शरीरावर इतकं लक्ष होतं की माझं स्वतःचं शरीर कुणी बघतच नव्हतं, हे पहिल्यांदा इतकं उघडपणे दिसलं. मग डोळे न उघडता मी पुन्हा टाळूपासून सुरुवात केली. आईचं अंग जितक्या मायेने तपासायचे तितक्याच मायेने माझं. डावी टाच. आहे, ठीक आहे. उजवी टाच.

पाचवा दिवस

आता दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत. गुडघ्यांचं दुखणं सगळ्यांचंच होतं, आजूबाजूच्या श्वासांवरून कळायचं. माझा खांदा सकाळच्या बैठकीत पेटला. वीस मिनिटांनी घाम, चाळीस मिनिटांनी मळमळ. मी दुपारी आचार्यांकडे गेले. बाई साठीच्या, सुती साडीतल्या, जमिनीवर पाय मुडपून बसलेल्या. म्हटलं, आईला उचलून उचलून खांदा गेलाय, सोनोग्राफीत सूज दाखवली होती. त्यांनी आधी विचारलं, औषध चालू आहे का, हात वर जातो का. मग म्हणाल्या, शरीराला इजा करून घेऊ नका, खुर्ची किंवा पाठीला टेकू हवा तर सेविकेकडून घ्या. पण सहन होईल इतकं असेल तर त्या दुखण्याच्या कडा बघा, ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं.

मी टेकू घेतला. संध्याकाळी कडा बघायला गेले तर त्या एका जागी राहीनात. ज्याला मी दगड म्हणत होते तो सलग नव्हताच. मध्ये ठणका, बाजूला जळजळ, त्याच्या पलीकडे मुंग्या, आणि मध्येच काही क्षण काहीही नाही. मग परत ठणका. तास संपला तेव्हा खांदा दुखतच होता. फक्त मी त्याच्याशी झगडत नव्हते. जबडाही सैल पडला होता. तो कधी पडला ते कळलं नाही.

सहावा दिवस

दिवसभर मुसळधार. छत्री उलटी होत होती, धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओले, खोलीत कुबट वास. पहाटेच्या बैठकीत अर्धा हॉल पेंगत होता. मला मात्र सगळं सोडून निघून जावंसं वाटत होतं. इथे काय करतेय मी, हे सगळं कशासाठी, असं एकसारखं. रात्रीच्या प्रवचनात पाच अडथळे सांगितले: आसक्ती, द्वेष, आळस, बेचैनी आणि शंका. दिवसभरात पाचही माझ्याकडे येऊन गेले होते.

खोलीच्या दाराशी सेविकेने सुकं ब्लँकेट आणून ठेवलं होतं. मी मागितलं नव्हतं. तिला माझी शाल भिजलेली दिसली असणार. सेवेला येणाऱ्या या सगळ्या पूर्वी शिबिर केलेल्या बायका असतात, स्वखुशीने येतात, पगार नसतो. पहाटे आमच्या आधी उठतात.

दुपारच्या फेरीत व्हरांड्यात उभी राहून पाऊस बघताना वर्षावासाची आठवण झाली. बुद्धाच्या काळापासून भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने चालणं थांबवून एका ठिकाणी राहायचे. इथून जवळच नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर, आपण ज्याला पांडवलेणी म्हणतो तिथे, दोन हजार वर्षांपूर्वीचे खोदलेले विहार आहेत. प्रत्येक भिक्खूला एक छोटी खोली आणि दगडाचाच ओटा. शाळेच्या सहलीत आम्ही त्या ओट्यांवर उड्या मारल्या होत्या. हाच सह्याद्रीचा पाऊस तेव्हाही असाच कोसळत असणार, आणि तेव्हाही कुणीतरी ओल्या चिवराने बसून स्वतःचा श्वास बघत असणार. निघून जायचा विचार त्यानंतर आला नाही.

सातवा आणि आठवा दिवस

पॅगोड्यात मला शून्यागार मिळालं. एक माणूस जेमतेम बसेल एवढी अंधारी खोली, दार लावलं की शांत. तिथे बसल्यावर अंगभर बारीक लहरी सलग फिरायला लागल्या, मुके भागही बोलायला लागले. फार सुखाचं होतं ते. प्रवचनात लगेच सावध करतात, की हे हवंहवंसं वाटलं तर तीही आसक्तीच. खरोखर दुसऱ्या दिवशी तसं काही झालं नाही आणि मी हिरमुसले.

या दोन दिवसांचं याहून जास्त सांगण्यासारखं नाही. झोप मात्र उत्तम लागत होती.

नववा दिवस

आता राग आला. धाकट्या भावाचा. तो बंगळूरला, दर रविवारी फोन करायचा, पैसेही वेळेवर पाठवायचा. आईला उचलायला मात्र कधी राहिला नाही. तेराव्याला पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "ताईने सगळं सांभाळलं, आम्हाला काही बघावंच लागलं नाही." कौतुक म्हणून म्हणाला. मी तेव्हा हसले होते.

तो राग आला तसा कानामागे गरम वाटायला लागलं, छातीत गोळा, श्वास उथळ. गोएंकाजी सांगतात की मनात विकार जागला की दोन गोष्टी लगेच होतात, श्वासाची चाल बदलते आणि अंगावर संवेदना उठते. म्हणून राग आला की ज्याचा आला त्याच्याकडे बघण्याऐवजी श्वास आणि संवेदना बघा. मी पाऊण तास कानामागची ती धग बघत बसले. वाढली, पसरली, मानेवर आली, उतरली. पुन्हा आली. तिच्या तळाशी राग थोडा होता, दमणूक फार होती. मी कधी त्याला "ये आणि आठ दिवस राहा" असं स्पष्ट म्हटलंच नव्हतं, तेही दिसलं. त्याची बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही. त्याने न विचारताही यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण तेराव्यापासून घशात अडकलेलं ते वाक्य सुटलं.

दहावा दिवस

सकाळी मंगल मैत्री शिकवतात. साधनेने जे काही मिळालं ते सगळ्यांना वाटायचं, सगळ्यांचं भलं चिंतायचं. 'भवतु सब्ब मंगलं' तीनदा, आणि हॉलभर 'साधु, साधु, साधु'. मग मौन सुटलं.

बाहेर पडल्यावर एकदम इतका गलका झाला की मला क्षणभर कान झाकावेसे वाटले. माझ्या खोलीतल्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अहिल्यानगरकडच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या. पहिल्या पहाटेची माझी हाक त्यांनी ऐकली होती. म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं, तुमच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीही अशीच उठायचे." मग आम्ही दोघी बोलतच बसलो. पाठीच्या जखमांना काय लावायचं, डायपरचा खर्च, रात्रीच्या बाईचे पैसे, आणि माणूस गेल्यावर आपल्याला जे सुटल्यासारखं वाटतं ते कुणापाशी बोलायचं. हे शेवटचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

नांदेडच्या एक आजी भेटल्या. हॉलमधले पाली शब्द त्यांना ऐकून ऐकून पाठ होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा त्यांचे वडील तिथे होते. "वंदना लहानपणापासून म्हणते बाई मी, पण डोळे मिटून बसायचं आत्ता म्हातारपणी शिकले," असं त्या सांगत होत्या. दरवर्षी लेक आणून सोडते.

दान द्यायचं ते याच दिवशी, आणि ते फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचीही फी नाही. तुमचा खर्च तुमच्या आधी बसून गेलेल्या कुणीतरी उचललेला असतो. मी पुढच्या कुणासाठी तरी दिलं. इतके दिवस मी जे गरम जेवण जेवले ते कुणा अनोळखी माणसाने दिलेलं होतं, हे समजून देताना फार बरं वाटलं.

निघताना, आणि त्यानंतर

अकराव्या पहाटे शेवटचं प्रवचन, खोली झाडून-पुसून देणं, नाश्ता, आणि साडेसातच्या सुमारास आम्ही मोकळ्या. फोन हातात आला. स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना मी एकेक करून सगळे अलार्म काढून टाकले.

घरी येऊन आता काही महिने झाले आहेत. खांद्याची फिजिओथेरपी चालू आहे, विपश्यनेने सूज उतरत नाही आणि कुणी तसं सांगितलंही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. सकाळचा होतो, संध्याकाळचा आठवड्यातून दोन-तीनदा. बहुतेक रात्री सलग झोपते. आईची आठवण रोज येते, ती येते तेव्हा छातीत कुठे येते ते कळतं, आणि मी तिला येऊ देते. भावाला फोन करून सांगितलं की वर्षश्राद्धाचं सगळं तू बघायचंस. तो लगेच हो म्हणाला.

जायचा विचार असेल त्यांना मी एवढंच सांगते की अर्जात काही लपवू नका. नैराश्याचे किंवा इतर मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, औषधं मनाने बंद करून तर मुळीच जाऊ नका. हे दिवस कठीण असतात आणि तिथे मधे कुणी हात धरून बसत नाही.

आणि जे अजून सेवेत अडकले आहेत त्यांनी कसं जायचं, हा प्रश्न मला तिथून आल्यापासून सोडत नाही. माझं तर आई गेल्यावर झालं. आमच्या शाखेतली एकजण, पस्तिशीची, वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून दोन वर्षं एक रात्र बाहेर राहिलेली नाही. तिच्या डोळ्यांखाली मला माझाच चेहरा दिसतो. तिला म्हटलं, तू फॉर्म भर, तुझ्या घरी मी राहीन. ती आधी हसली, मग तीन दिवसांनी येऊन विचारलं, "खरंच राहाल का मॅडम?" तिची जागा डिसेंबरच्या शिबिरात पक्की झाली आहे. रात्री मी, दिवसा तिची चुलत बहीण आणि एक बाई. मी रजेचा अर्ज दिला आहे, आणि दर शनिवारी तिच्याकडे जाऊन तिच्या बाबांना उचलायची पद्धत, त्यांच्या गोळ्या, त्यांना चहा किती दाट लागतो, हे सगळं शिकून घेते आहे. उजव्या खांद्यावर भार येऊ नये म्हणून त्यांना चादरीसकट दोघींनी मिळून सरकवायचं, हे फिजिओथेरपिस्टने दाखवलं आहे. परवा आम्ही ते पहिल्यांदा करून पाहिलं, नीट जमलं.